तुटलेले दोन दात आणि उद्याचा शुक्र

‘कड्’ असा आवाज झाला तेव्हा दशरथ पेडणेकरांनी आधी बायकोकडे संशयाने पाहिलं. पण शुभदाबाई गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, चांगल्या चार हात लांब, पावसाआधीचे शेवटचे पापड वाळत घालत बसल्या होत्या. दुर्बिणीच्या नळीवर जे दोन हात होते ते पेडणेकरांचे स्वतःचेच होते. नळी वळत नव्हती, म्हणून त्यांनी जोर लावला होता. पूर्वी गिरगावच्या चाळीत राहताना अडकलेलं कपाट, अडकलेली खिडकी, अडकलेला नळ, सगळ्यांवर त्यांनी आयुष्यभर हाच इलाज केला होता. त्यातला नळ सोडला तर बाकीचं सगळं तुटलंच होतं, पण माणूस लक्षात ठेवतो तो नळ.

“काय तुटलं?” शुभदाबाईंनी मान वर न करता विचारलं.

“काही नाही. सेट होतंय.”

सेट होत नव्हतं. दुर्बिणीखालच्या स्टँडमध्ये एक मोटर होती. तिचं काम एवढंच, की सूर्य जसा सरकेल तशी नळी हळूहळू सरकवायची, म्हणजे मागे धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडलेलं सूर्याचं बिंब जागचं हलत नाही. आता बटण दाबलं की ती मोटर खलबत्त्यात खडीसाखर कुटावी तशी ‘कुर्र… कुर्र… खट्’ करायची आणि बिंब दीड मिनिटात पुठ्ठा सोडून शुभदाबाईंच्या पापडांवर जायचं.

तारीख होती सात जून दोन हजार चार. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला शुक्र सूर्यासमोरून जायला निघणार होता. एकशेबावीस वर्षांनी! पेडणेकरांच्या नशिबात आजवर आकाशातलं काहीच नव्हतं. हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा त्यांना कांजिण्या झाल्या होत्या, तेही चाळिशीत. पंच्याण्णवच्या ग्रहणाला बँकेत ऑडिट होतं. पुढचं शुक्राचं अधिक्रमण आठच वर्षांनी होतं हे खरं, पण मार्चमध्ये झालेल्या बायपासनंतर डॉक्टरांनी ‘आठ वर्षं’ हे शब्द काही उच्चारले नव्हते. पेडणेकरांनी ते दोनतीनदा आडवळणाने काढून पाहिले होते. डॉक्टरांनी दर वेळी मीठ कमी करायला सांगितलं होतं.

म्हणून बोरिवलीच्या जुन्या सहकाऱ्याकडून त्यांनी ही दुर्बीण हात जोडून दोन दिवसांपुरती आणली होती. ‘सर्वांनी शुक्र बघायला गच्चीवर यावे’ अशी इमारतीत नोटीस लावली होती. आणि आता हे कुर्र.

तासाभरात गच्चीवर सल्लागार मंडळ जमलं. तिसऱ्या मजल्यावरचा धर्मेश म्हणाला, “अंकल, ऑइलिंग करा. सिलाई मशीनका तेल डालो, एकदम मख्खन.” तेल घातलं. आवाज मख्खन झाला नाही, फक्त ओला झाला. मग धर्मेशनेच निदान बदललं, “मोटर गई.” पेडणेकरांनी स्टँडचे दिसतील ते सगळे स्क्रू करकचून आवळले. आवाज वाढला. सगळे ढिले केले. आवाज तोच, आता नळीही डुगडुगायला लागली. चार वाजेपर्यंत त्यांचा सदरा घामाने अंगाला चिकटला आणि ते पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले.

“अहो, छातीत दुखतंय का?” शुभदाबाई धावत आल्या.

“छातीत नाही गं. तिथे दुखतंय,” त्यांनी स्टँडकडे बोट दाखवलं.

शुभदाबाई तशाच खाली गेल्या आणि ए विंगची लिफ्ट उघडून बसलेल्या काशीनाथला बोलावून घेऊन आल्या.

काशीनाथ इथल्याच, खाडीकाठच्या मुर्धा गावचा. त्याच्या घरच्यांची पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं. तिथल्या पाण्याच्या पंपाचं इंजिन दुरुस्त करताकरता तो शिकला, आणि मिठागरांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा त्याच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करू लागला. स्वतः मात्र लिफ्टने कधी जायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, “मना तिच्या आत काय हाय ते म्हाईत हाय ना.” आत्ताही तो सात मजले जिन्यानेच चढून आला होता.

“काशीनाथ, बाबा, काहीतरी कर,” पेडणेकर म्हणाले. बँकेत तेहतीस वर्षांत त्यांनी कुणापुढे हा स्वर काढला नव्हता.

काशीनाथने आधी दुर्बिणीची नळीच काढून शुभदाबाईंच्या मांडीवर दिली. “वजन काढून बघू.” मोटर सुरू केली. कुर्र, खट्. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक स्टँडला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गच्चीवर कुणी श्वास घेईना. धर्मेशने मोबाइलसुद्धा बंद केला.

“मोटर चांगली हाय,” काशीनाथ म्हणाला. “जोर कोनी लावला?”

पेडणेकरांनी दूरवर, घोडबंदरच्या डोंगराकडे पाहिलं.

काशीनाथने बाजूचं झाकण उघडलं. आत एक मोठं पितळी दातेरी चाक होतं आणि त्याला चिकटून आटे पाडलेली पोलादी दांडी. “लिफ्टला पन हेच असतं, जरा मोठं.” त्याने चाकावर बोट फिरवलं आणि थांबवलं. “दोन दात गेलं.”

पेडणेकरांना एकदम आठवलं की मित्राने दुर्बीण देताना ‘जपून रे’ असं तीनदा म्हटलं होतं. “म्हणजे संपलंच,” ते म्हणाले. “चाक आणायचं कुठून? उद्या सकाळपर्यंत?” “काशीनाथ, मला परत नाही रे दिसायचं हे.”

काशीनाथ चाकाचे दात मोजत होता.

“हे चाक एक फेरा कवा मारतं?”

“चोवीस तासांनी. पृथ्वीबरोबर.”

“आनि तुमचं काम किती तासाचं?”

“सहा.”

“मग बाकीचं दात काय फुकट बसलंत?”

सहा तास म्हणजे चाकाचा जेमतेम पाव फेरा, हे आता पेडणेकरांच्या ध्यानात आलं. काशीनाथने चाकाला नळीच्या बैठकीशी जखडणारी बाजूची एक छोटी खिट्टी ढिली केली. हीच ती खिट्टी, जी सैल न करता सकाळी जोर लावला गेला होता. मग मोटरचं जलद बटण दाबून धरलं. मोकळं सुटलेलं चाक नुसतंच फिरू लागलं. कुर्र, खट्, कुर्र. मग एकाएकी खट् बंद झालं आणि नुसती बारीक भुणभुण उरली. त्याने अजून थोडं पुढे नेलं, तुटके दात पार पलीकडे गेल्याचं बोटाने चाचपलं, खिट्टी आवळली, नळी परत बसवली.

पुठ्ठ्यावर सूर्य आला. दीड मिनिट झालं. पाच मिनिटं झाली. सूर्य हलला नाही. शुभदाबाईंनी घड्याळ बघून दहा मिनिटं झाल्याचं सांगितलं तेव्हा पेडणेकरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या बाहीने पुसला, आणि मग बाहीनेच डोळेही.

काशीनाथ हत्यारं गोळा करून जिन्याकडे निघाला. पेडणेकर त्याच्या मागे धावले.

“काशीनाथ, थांब! तेल पुन्हा घालू? वरून फडकं बांधू? एखादा स्क्रू आवळून ठेवू का? सांग ना, उद्या सकाळपर्यंत मी नेमकं काय काय करू?”

“कायच करू नका.”