आजाराला ग्रेस मार्क

चार वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका दवाखान्यात बसून मी खोटा पेपर लिहिला. तीस वर्षं बार्शीटाकळीच्या शाळेत पोरांच्या कॉप्या पकडलेली मी मास्तरीण, आणि स्वतःच्या दुखण्याच्या कागदावर धडधडीत लबाडी केली. तेव्हा मी अवघी अडुसष्ट वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायचीच होती.

मला डिप्रेशन होतं. कारण विचाराल तर काही नव्हतं. मुलगा-सून पुण्यात बरे होते, नात गोड होती, गुडघेसुद्धा शाबूत होते. पण सकाळी डोळे उघडले की छातीवर कोणीतरी ओल्या सरकीचं पोतं आणून ठेवलेलं असायचं. अकोल्याच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, मग दुसरी, मग दोन्ही बदलून तिसरी. पोतं जागचं हललं नाही. शेजारीण म्हणायची, "काहून वो बाई अशा गपगप राह्यता? मन रमवा ना कशात!" रमवायला आधी मन जागेवर लागतं, हे तिला कोण सांगणार?

अकोल्यात घरी आम्ही दोघंच. हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माझ्या जिभेची तक्रार यांनी चाळीस वर्षं येईल त्या पाहुण्याकडे केली. मी आजारी पडल्यावर चहा हे करू लागले. चहा कसला, पत्तीची नुसती ओळख करून दिलेलं गरम पाणी. मी ते निमूट प्यायचे. दोन वर्षं प्यायले. चांगला-वाईट एक शब्द नाही.

शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनीच अमरावतीला धाडलं. भूल द्यायला वापरतात ते केटामाइन नावाचं औषध अगदी थोडं, सलाईनमधून हळूहळू सोडायचं. गोळ्यांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनमध्ये काहींना त्याचा उपयोग होतो, सगळ्यांना नाही, असं तिथल्या डॉक्टरनं आधीच सांगून टाकलं. शिवाय नुसत्या औषधावर भागणार नाही, जोडीला समुपदेशनालाही बसायचं. हा डॉक्टर म्हणजे अगदी पोट्टा. मिशी होती, पण ती अजून प्रोबेशनवर होती. "मावशी, आपण प्रयत्न करू," म्हणाला. 'आपण' म्हणाला, तिथंच मी विरघळले.

आठवड्यातून दोनदा सकाळच्या एसटीनं आम्ही निघायचो. मी उपाशीपोटी, कारण तसा नियम. मूर्तिजापूरला बस थांबली की हे खाली उतरून, माझ्याकडे पाठ करून कचोरी खायचे. पाठ केली की वास येत नाही, अशी यांची समजूत.

पहिल्या दिवशी माझ्या एका हाताला सुई, दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा, आणि कोपऱ्यात हे वर्तमानपत्र उलटं धरून बसलेले. थोड्या वेळानं छत लांब लांब गेलं. लहानपणी आमच्या घरी वेचणीचा कापूस एका खोलीत भरून ठेवायचे. आम्ही भावंडं त्या ढिगात उड्या मारायचो, गळ्यापर्यंत बुडायचो, वर मार खायचो. अगदी तसंच झालं, फक्त मार नाही. मी सिस्टरला म्हटलं, "बाई, माझे पाय कोणीतरी नेले, चपला तेवढ्या ठेवल्या." ती म्हणाली, "येतील आजी, तासाभरात." आले.

तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर पोतं थोडं सरकलं. थोडंच. दर खेपेला एक कागद भरावा लागे. उदास वाटलं का, झोप लागली का, कशात रस वाटला का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन मार्क, आणि इथं सगळा उलटा कारभार, जितके मार्क जास्त तितका आजार जास्त. डॉक्टर तो कागद असा हातात घ्यायचा की जणू त्याचाच दहावीचा निकाल आहे. बेरीज दोनानं उतरली की चेहरा खुलायचा, नाही उतरली की पेनाचं टोपण चावायचा.

आता शाळेत माझी एक खोड होती. बत्तीसवर अडकलेलं पोर मी कधी अडकू दिलं नाही. तीन मार्क कुठूनतरी हुडकून काढायचेच, एखाद्या नकाशातून, नाहीतर हस्ताक्षरातून. सहाव्या खेपेला मला या डॉक्टरची तशीच दया आली. एवढा राबतो पोट्टा, आणि मी म्हातारी त्याला पास होऊ देत नाही? घेतलं पेन. शून्य, शून्य, शून्य, मध्येच एक. तो एक मुद्दाम, खरं वाटावं म्हणून. शेवटचा प्रश्न जगणं नकोसं होण्याबद्दल होता. तिथंही मी शून्यालाच गोल केला. बाकी सगळ्याचं मला आज हसू येतं. त्या एका गोलाचं येत नाही.

डॉक्टर खुर्चीतून उठलाच. "मावशी, कमाल झाली! आता सलाईन थांबवू. महिन्याभरानं भेटू."

त्याला पास करता करता मी माझाच उपचार बंद पाडला होता. आणि परतीच्या बसमध्ये, सांगायला लाज वाटते, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

दहा दिवसांत पोतं परत आलं, आणखी भिजून. आंघोळ नको, जेवण नको, फोनवर नातीचा आवाजसुद्धा नको. भिंतीकडे तोंड करून मी पडून राहिले. यांनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दुपारी दवाखान्यात फोन लावला. पलंगावरून मला ऐकू आलं.

"साहेब, तुमच्या कागदावरची बाई बरी हाय. माह्या घरातली नाही."

दुसऱ्या सकाळी आम्ही डॉक्टरच्या पुढ्यात. त्यानं तो जुना कागद टेबलावर ठेवला.

"मावशी, हे काय आहे?"

"ग्रेस दिले," मी म्हटलं. "तुमचा हिरमोड होऊ नये म्हणून."

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं चष्मा काढून पुसला. "मला नापास करा मावशी. खुशाल करा. पण या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर आत्ता सांगा."

मी सांगितलं. हे शेजारीच बसलेले. माझी पिशवी यांच्या मांडीवर होती, तिचे बंद यांनी दोन्ही हातांनी गच्च धरले. त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा यांच्या ताब्यात गेला, मला एकटं सोडायचं नाही असं ठरलं, आणि सलाईन पुन्हा सुरू झालं.

समुपदेशनाची ताई माझ्या सुनेच्या वयाची. तिला मी आतापर्यंत दर वेळी "मजेत!" एवढंच सांगत आले होते. "आजी," ती म्हणाली, "सलाईननं जमीन भुसभुशीत होते. तेवढ्या दिवसांत पेरून घ्यायचं असतं." मी म्हटलं, "पेरणीचं मला नको शिकवू. तू गमल्यात तरी कधी काही लावलंस का?" ती हसली, पण सुटू दिलं नाही. घरचा अभ्यास दिला. रोज घरच्या माणसाला एक खरं वाक्य सांगायचं. गोड नको, खरं.

पहिल्या दिवशी मी यांना म्हटलं, "आज मंगळवार हाय." हे म्हणाले, "बरोबर." दुसऱ्या दिवशी बुधवार सांगितला. ताईनं कपाळाला हात लावला. "आजी, कॅलेंडर नको! जे गिळता ते सांगा."

जे गिळते ते! मी विचार करत घरी आले. दोन दिवसांनी यांनी सकाळी कप पुढे केला. मी एक घोट घेतला, आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, हा चहा हाय का भांडं विसळलेलं पाणी?"

हे उभेच राहिले. मला वाटलं, रागावले. तर यांनी फोन काढला आणि पुण्याला मुलाला ओरडून सांगितलं, "अबे, तुह्या मायनं चहाले नावं ठेवली! आत्ता! माह्या तोंडावर!" तिकडून नात काय म्हणाली ते ऐकायला मी स्वतः फोन ओढून घेतला. बऱ्याच दिवसांनी.

पुढच्या खेपांत बेरीज खरोखरच उतरत गेली. एकदा ती इतकी खाली आली की डॉक्टरनं कागद उजेडात धरून पाहिला. "मावशी, यात ग्रेस किती?"

"एकही नाही."

त्याचा विश्वास बसेना. त्यानं साक्षीदाराकडे पाहिलं. हे म्हणाले, "खरं हाय साहेब. सकाळपासून तीनदा भांडली. एकदा तर कंडक्टरसोबत, चिल्लरवरून."

पोतं कायमचं गेलं असं म्हणणार नाही. अधूनमधून दारात येऊन उभं राहतं, मग मी कागदावर खरं लिहिते आणि आम्ही एसटी पकडतो. डॉक्टरनं कागद उजेडात धरला त्या दिवशी परतताना मूर्तिजापूरला बस थांबली. आता मलाही खायची मुभा होती. हे दोन कचोऱ्या घेऊन आले, या खेपेला पाठ न करता शेजारी बसले, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"दोन वर्षं तू माह्या चहाले काई बोलली नाही ना, तवा मले वाटे, गेली ही हातची. आता रोज नावं ठेवत जाय. मी चहा तसाच करत जातो."