तुटफूट मॅडम

पाण्याचा ग्लास हातात आला की मॅडम आधी त्याचा वास घेत. लग्नाची पंगत असो की प्राचार्यांची केबिन, नाक ग्लासात जायचंच. एकदा कुणीतरी त्यावरून टोमणा मारला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझ्या आज्याला गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. त्याच्या वाटचं पाणी मी तपासून पिते." टोमणा मारणारा पुढे त्यांना स्वतः ग्लास भरून देऊ लागला.

दादरच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होतो. पाणी शुद्ध करायला त्यात क्लोरीन टाकतात. तो पाण्यातल्या अमिनो आम्लांना चिकटतो आणि मग तो रेणू मोडतो. कसा मोडतो, कोणता तुकडा आधी सुटतो, हे मॅडम संगणकावर गणित मांडून शोधत. "बाटलीत मोडण्याआधीचं दिसतं नि मोडल्यानंतरचं. मधलं फक्त गणितात सापडतं," असं त्या म्हणायच्या. जन्मभर मोडण्याचाच अभ्यास, म्हणून पोरांनी नाव पाडलं 'तुटफूट मॅडम'. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

समजावून सांगायची त्यांची तऱ्हाच निराळी. खडू-फळा सोडून त्या आम्हाला पॅसेजमध्ये काढत आणि हातात हात धरून उभं करत. मधला नायट्रोजन म्हणजे स्वतः मॅडम. क्लोरीन आकाराने मोठा, म्हणून तो मान कायम माझा. आईच्या हातचं मालवणी खाऊन मी तसा भरलेलाच होतो. मॅडमचा एक हात माझ्या हातात, दुसरा कार्बन झालेल्या पोराच्या हातात, आणि त्याच्या पलीकडे कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाणारा तुकडा. "दोन्ही टोकं एकदम सुटली पाहिजेत!" त्या ओरडायच्या. मी आधी हात सोडला की, "अरे, तुला कसली घाई? घरी बायको वाट बघतेय?" माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. शिपाई लांबून म्हणायचा, "मॅडम, फुगडी झाली की सांगा, झाडून घेतो."

दोन्ही टोकं एकदम, हे त्यांचं जन्माचं म्हणणं. त्यांचं नाव झालं ते त्यावरच. आणि नेमकं तेच माझ्या गणितात चुकीचं निघालं. त्यांच्या उमेदीच्या काळात संगणकाला जेवढं पाणी झेपायचं, त्याच्या कितीतरी पट मी रेणूभोवती मांडलं. ते पाणी क्लोरीनला आधीच ओढून नेत होतं. बाकीचं मागाहून तुटत होतं. पुन्हापुन्हा करून पाहिलं, उत्तर तेच.

तोवर मॅडम परळच्या इस्पितळात होत्या आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. विभागातले म्हणाले, "आता कशाला सांगतोस? जाऊ दे ना त्यांना सुखाने." मलाही ते पटत होतं. पण मॅडमनीच एकदा बजावलं होतं, "माझं चुकलं तर तोंडावर सांग. गेल्यावर पुण्यानुमोदनाला सगळे चांगलंच बोलतात. ते ऐकायला मी नसणार."

भेटायच्या वेळेत गेलो आणि सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटले. शेजारी बसलेली त्यांची धाकटी बहीण माझ्याकडे रागाने बघू लागली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"पाणी भरपूर ठेवलंस?" मॅडमनी डोळे न उघडता विचारलं.

"हो, मॅडम."

"पुन्हा करून पाहिलंस?"

"खूपदा."

त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या. "इतकी वर्षं पोरांना चुकीचं नाचवलं रे मी," त्या म्हणाल्या, आणि थोड्या हसल्याही. मग एक हात त्यांनी बहिणीला दिला, आणि सलाईन लावलेला दुसरा माझ्यापुढे केला. "चल, बरोबर करून दाखव. एकदा बघू दे."

मी तो हात धरला. अगदी हलका झाला होता.

"आता सोड," मॅडम म्हणाल्या.

मला सोडवेना.

"सोड रे. दुसरं टोक सुटेपर्यंत असाच धरून राहिलास तर माझंच जुनं खरं ठरेल."

मी हात सोडला. मॅडमनी मान हलवली, बरोबर उत्तर आल्यावर हलवायच्या तशी.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाला सगळे चांगलंच बोलले. मला बोलायला उठवेना. शेवटी बहिणीचा हात त्यांच्या हातात होता, असं बहिणीने सांगितलं. माझा मी आधीच सोडला होता.