सगळे संदर्भ एकतीस

परळच्या हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत काकांचं दुकान आहे. झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग आणि टायपिंग. काका माझे कुणी लागत नाहीत, अख्खी गल्ली त्यांना काकाच म्हणते. काम मागायला गेले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "शिकलंस किती?"

"आठवी."

पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि हिंगोलीकडच्या आमच्या त्या रस्त्यानं तेव्हा मुलींना एकटं पाठवत नसत. एवढंच कारण. नंतर भावानं मोटारसायकलवर नेऊन-आणून तालुक्याला टायपिंगचा क्लास करू दिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही, कारण तो क्लास नसता तर काकांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

"महिनाभर बघूया," काका म्हणाले. "जमला तर ऱ्हव. नाय तर गावाक जा."

मावशीनं लालबागच्या खोलीत मला अंथरुणापुरती जागा दिली होती, तीही काम लागेल या भरवशावर. त्यामुळे तो महिना माझी पेटी दारातच पडून होती.

दुकानात डॉक्टर लोक त्यांचे पेपर घेऊन यायचे. डॉक्टरांचा पेपर म्हणजे त्यांनी रोग्यांवर केलेला अभ्यास. तो परदेशातल्या मासिकाला पाठवायचा असतो. आत जिथे-जिथे दुसऱ्या कुणाच्या अभ्यासाचा आधार घेतलाय तिथे कंसात आकडा येतो, आणि शेवटी त्या आकड्यांप्रमाणे यादी. तिला संदर्भ म्हणतात. मासिकाला ही यादी एका ठरावीक पद्धतीनंच हवी असते, नाही तर पेपर न वाचताच परत येतो.

मला इंग्रजी अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. हे ओळखलं ते एका मॅडमनी. दादरला राहायच्या, हॉस्पिटलात शिकवायच्या आणि बढतीसाठी त्यांचा पेपर छापून येणं गरजेचं होतं. त्यांनी मला वाचायला लावलंच नाही. म्हणाल्या, "तू फक्त ठेवण बघ. आडनाव, आद्याक्षरं, स्वल्पविराम, पुढचा माणूस. सगळ्यांत शेवटी वर्ष, अर्धविराम, खंड, दोन टिंबं, पानं. साडीचे काठ बघतेस ना, नक्षी कुठे तुटली ते? तसं."

आणि खरंच तसं दिसायला लागलं. एखादं टिंब चुकलं की ती ओळ डोळ्याला टोचायची.

एक नियम मात्र माझ्या जिवावर यायचा. लेखक सहापर्यंत असतील तर सगळ्यांची नावं लिहायची, जास्त असतील तर पहिली सहा ठेवून पुढे 'इत्यादी' म्हणायचं. सातव्याचं नाव पुसताना माझा हात अडायचा.

"मॅडम, त्यानंही काम केलं असंल की."

मॅडम हसल्या. "केलंच असेल. मी स्वतः किती ठिकाणी सातवी आहे, माहितीये? पूस बिनधास्त, त्याला सवय असते."

महिना संपत आला आणि मॅडमचा पेपर मासिकाकडून सुधारणेसाठी आला. परीक्षकांनी एक नवा संदर्भ घालायला सांगितला होता, चौथ्या जागी. सुधारलेली प्रत त्याच संध्याकाळी सहापर्यंत गेली पाहिजे होती. सकाळी मॅडमनी दुकानात बसून दोन परिच्छेद इकडचे तिकडे केले, एक छापील प्रत पर्समध्ये टाकली आणि मला सांगितलं, "चारचा पाच कर, पाचचा सहा, असं शेवटपर्यंत. मी ओपीडी आटपून येते." असे आकडे आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होतं, पण त्यांच्या मोठ्या सरांच्या कॉम्प्युटरवरून फाइल फिरून आली की त्यातलं काही उरायचं नाही, नुसते साधे आकडे उरायचे.

मी कॉम्प्युटरला एका झटक्यात सांगितलं, जिथे-जिथे कंसात चार तिथे पाच. झालं. मग जिथे-जिथे पाच तिथे सहा. आता नुकताच चारचा झालेला पाचही त्यात सहा झाला, हे माझ्या लक्षातच नाही आलं. सहाचा सात, सातचा आठ, मी आपली पुढेच. तीसचा एकतीस करून वर येऊन बघते तर पहिले तीन सोडून पेपरभर एकच आकडा. एकतीस, एकतीस, एकतीस. मळमळ कशामुळे होते, एकतीस. कुठला डोस द्यावा, एकतीस.

आणि घाबरून मी काय केलं, तर आधी सेव्ह केलं नि फाइल बंद केली. आमच्या तालुक्याला लाइट कधी जाईल सांगता येत नसे, म्हणून क्लासात आम्हाला श्वास घेतला की सेव्ह करायची सवय लावली होती. काही बिघडलं तरी हात आधी तिकडेच जायचा. मुंबईत लाइट जात नाही, हे डोक्याला कळलं होतं, बोटांना नव्हतं. आता मागे जायची सोयच उरली नाही.

मी रडतच काकांना दाखवलं. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगो बाय, एकाच माणसान सगळा लिवलान की काय?" मग त्यांनीच मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला. "सांग तूच."

मला वाटलं, संपलं. गावाची गाडी.

मॅडम ओपीडी संपवून धावतच आल्या. ओरडल्या नाहीत. पर्समधून सकाळची छापील प्रत काढली, प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "जुने आकडे यात आहेत. मी वाचते, तू टाइप कर. चारपासून पुढच्या प्रत्येक आकड्यात एक मिळव. आणि हे बघ, पुढच्या वेळी शेवटून सुरू करायचं. आधी तीसचा एकतीस, मग एकोणतीसचा तीस. म्हणजे कुणी कुणाच्या अंगावर येत नाही."

"पुढच्या वेळी" हे शब्द ऐकून मला पुन्हा रडू आलं.

"रड नंतर. इथे जुने बारा."

"तेरा."

"आणि सव्वीस."

"सत्तावीस."

काकांनी गिऱ्हाइकांना बाहेरच थोपवलं. "थांबा हो, आत ऑपरेशन चाललाय." चहा आला, गार झाला. शेवटी काकांनी यादी हातात घेतली आणि मॅडमनी सुरुवातीपासून एकेक आकडा पुन्हा पडताळला. मी नव्या संदर्भातलं एक टिंब तेवढं खोडलं. सहा वाजायच्या आत पेपर गेला. मॅडमनी पर्स उचलली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेल्या. पेपर पुढे छापून आला. त्यांची बदलीही झाली. पण आजही शेवटच्या आकड्यापासून वर येताना मला त्या स्टुलावर बसलेल्या दिसतात. एवढ्या घाईतही त्यांनी मला शिकवायला वेळ काढला होता.

ठेवणार की नाही, हे काकांना विचारायची माझी छाती नव्हती. शटर ओढायच्या आधी त्यांना कुणा डॉक्टरचा फोन आला. मी झाडू मारत कान तिकडेच लावला.

"होय, होय, संदर्भांचा काम होता आमच्याकडे. मुलगी आहे ना. चुका? करता की. पण लपवत नाय, बोंब मारता. पाठवा तुम्ही सोमवारी."

घरी आले तर मावशी भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "सोमवारी काम आलंय."

"म्हणजे ठेवलं का तुला?"

"तसंच दिसतंय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मग ती पेटी दारातून उचल आणि माळ्यावर टाक बघू. येता-जाता पायात येते."