अनुसूयाबाईंची जुळी बहीण

अनुसूयाबाईंची मूठ एकदा वळली की लवकर सुटत नसे. मग हातात बरणीचं झाकण असो की भाजीवाल्याची काकडी.

"माताजी, अब छोड़ भी दो!"

"सुटली की सोडते!"

झाशीत ओरछा गेटच्या गल्लीत चाळीस वर्षं लोक याला बाईंचा हट्टी स्वभाव समजत होते. पण नात मुग्धाचीही मूठ अडकू लागली, मग पाय. जिन्यावरून दोनदा पडली, तेव्हा कळलं, हा स्वभाव नव्हे, स्नायूंचा दुर्मीळ आजार आहे.

झाशीच्या एका इस्पितळात दोघींची तपासणी झाली. पुण्याची एक संस्था त्यावर नवं औषध देऊन पाहत होती. दोन्हीकडच्यांनी मिळून काम करायचं ठरवलं, म्हणजे आठ महिने एकमेकांना पत्रं लिहिली. रुग्णांची नावं गुप्त, नुसते आकडे. आजी 'झाशी-७', मुग्धा 'झाशी-८'.

औषधाच्या चाचणीत मुग्धाला घेण्याचा शेवटचा दिवस उजाडला. झाशीच्या डॉक्टर पियुषजींनी आजी-नातीला संगणकासमोर बसवलं. पडद्यावर पुण्याच्या डॉक्टर चारुता.

"आजी, आमच्या पुणे-३ शी तुमचं रक्त तंतोतंत जुळतंय. ती तुमची जुळी बहीण, पण एकदा येऊन गेली ती पुन्हा सापडलीच नाही. नियमानं घरातल्या सगळ्या रुग्णांची सही लागते; आज पाचपर्यंत तिचीही हवी, नाहीतर मुग्धाची जागा जाईल."

"मला एक भाऊ आहे, आशुतोष. बहीण नाही!"

"अम्माजी, याद कीजिए," पियुषजी म्हणाले. "बचपन में कोई मेले में…"

"आमच्या आईनं मेळ्यात कधी वाटीसुद्धा हरवली नाही!"

साडेचार वाजले. मुग्धा रडवेली झाली. "आजी, चुप रह ना. आठव ना नीट."

"अहो, निदान वर्णन तरी सांगा त्या बयेचं!"

चारुताबाईंनी फाईल उलटली. "वय बहात्तर. तपासणीत डॉक्टरांचं पेन धरलं, ते सोडेना. पेनासकट घरी गेली."

अनुसूयाबाईंनी पिशवीतून एक निळं पेन काढलं. पुण्याच्या संस्थेचं नाव त्यावर चकाकत होतं.

"ती बया मीच! गेल्या दिवाळीत पुण्याला आशुतोषकडे होते, त्यानंच एका दवाखान्यात दाखवायला नेलं. तो तुमचाच होय! फॉर्मही त्यानंच भरला."

"पण आमच्याकडे तर यमुना…"

"माहेरची यमुना! लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीनं अनुसूया लिहिलं, तेव्हापासून अनुसूया. भाऊ मात्र अजून यमुनाताईच म्हणतो. दोन कचेऱ्या मिळून आठ महिने माझी जुळी बहीण शोधताय, एकदा नाव विचारलं असतंत तर?"

पडद्यावर फाईल मिटली. मग चारुताबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमचा एक रुग्ण कमी झाला. शोधनिबंध छापायला गेलाय हो."

"मग तुमच्या निबंधासाठी मी दोनदा जन्म घेऊ? कागद आणा."

पाच वाजायला सात मिनिटं असताना बाईंनी पियुषजींचं पेन घेऊन दोनदा सही केली, एकदा यमुना, एकदा अनुसूया. मुग्धाची जागा पक्की झाली.

"अम्माजी, मेरा पेन?"

बाईंनी मुठीकडे पाहिलं. "सुटलं की पाठवते," म्हणाल्या, आणि नातीला घेऊन रिक्षात बसल्या.