सलीमचं दुकान

माझी शेवटची पोस्टिंग आर्णी तालुक्यातल्या आमच्याच तांड्यावर झाली. ऑर्डर कुणी काढली नव्हती. हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो, अंगणात बाजेवर बसून चहा पिऊ लागलो, आणि एका सकाळी बायको म्हणाली, "तुम्ही माह्यावरच कमांड करून राह्यले. बाहीर जाऊन करा." हुकूम तो हुकूम. बाहेर पडलो.

नवी प्लाटून मिळाली ती सहा-सात वर्षांची. निम्म्यांचे पुढचे दात पडलेले. 'सावधान' म्हटलं की खाजवायचे, 'विश्राम' म्हटलं की घरी जायचे. मी त्यांना फुटबॉल शिकवायचं ठरवलं. आधी फौजी पद्धत वापरली: रांग लावा, एकेकानं पुढे येऊन किक मारा. पहिला किक मारेपर्यंत मागचे मातीचे बैल करायला बसले. मग रांग मोडली. खळ्यावर छोटं मैदान आखलं, बांबूचे बुटके गोल रोवले, हलका चेंडू आणला, एका बाजूला पाचच जण ठेवले. शिट्टी खिशात घातली. त्या दिवशी पहिल्यांदा धूळ उडाली.

हा खेळ मला सलीमनं शिकवला. आर्णीच्या गॅरेजवाल्याचा मुलगा, माझ्या सेक्शनचा लान्स नायक. पोस्टवर आम्ही बर्फ तुडवून मैदान करायचो, गोल म्हणून दोन जेरीकॅन. सलीम गोलकीपर. खेळ सुरू होण्याआधी तो दोन्ही जेरीकॅनवर थाप मारून ओरडायचा, "दुकान बंद!" त्याचे वडील संध्याकाळी शटर ओढताना हेच ओरडत. म्हणायचा, "पेन्शनीत गेलो का आपल्या इकडच्या पोट्ट्यायची टीम काढू. तू पळव, मी गोलात उभा राहतो."

तांड्यावर अडचण एकच होती. खळं तांड्याचे प्रमुख धनसिंग नायक यांच्या ताब्यात. फौजेत हवालदार नायकाच्या वर असतो, तांड्यावर नायकाच्या वर फक्त आभाळ. सोयाबीन निघायची वेळ आली तसे ते काठी टेकत आले.

"हवालदार, हे बांबू उपटा."

"नायकबा, पोट्टे खेळून राह्यले."

"खेळून राह्यले का माती उडवून राह्यले? वणीच्या पोट्ट्यायले बोलाव. माह्यासमोर मॅच कर. आपले जीव लावून खेळले तं खळं त्यायचं. नाही तं सोयाबीन."

रविवार ठरला. सलीमचे वडील, आमचे चाचा, चेंडूत हवा भरायचा पंप घेऊन सकाळीच आले आणि मोबाईल घेऊन फाट्यावर उभे राहिले. फोन आला.

"हवालदार, वणीवाले आ गये. दो गाडी. ओव्हर."

"चाचा, ओव्हर कुठून शिकले?"

"सलीम छुट्टी पे आता तो रोटी मांगते वक्त भी बोलता था. ओव्हर."

मॅच सुरू झाली आणि माझी प्लाटून कोसळली. वणीचा मुलगा चेंडू घेऊन आला की आमची पोरं बाजूला सरकून वाट देत. एकानं तर चेंडू उचलून त्याच्या पायाशी नेऊन ठेवला. गोलात पायल होती, सात वर्षांची, सरावात मी शिकवलेलं सलीमचं "दुकान बंद!" ओरडून माझ्या पिंडऱ्या फोडणारी. ती हात मागे बांधून उभी. गोलामागून गोल होत होते. नायकबा काठीनं जमिनीवर रेघा ओढत होते. सोयाबीन कुठे टाकायचं, त्याचा नकाशा.

हाफटाइमला मी पायलला धरलं.

"दुकान बंद काहून नाही म्हटलं?"

"काका, पाहुणे हायत ना ते! पाहुण्याच्या तोंडावर दुकान बंद करू?"

तांड्यावर दारी आलेल्याला आधी पाणी, आधी बाज, आधी घास. मुलांनी चेंडूही आधी दिला. कुठल्याच कोचिंगमध्ये यावर इलाज नव्हता. मी नायकबांकडे गेलो.

"नायकबा, पाहुणा किती वेळ पाहुणा असते?"

"आपल्या ताटात जेवला का घरचा झाला. हे बी फौजेत नाही शिकवलं?"

"अन् घरच्यासंग भांडलं तं चालते?"

"घरच्यासंग नाही तं कोणासंग भांडतीन?" म्हातारा बोलून गेला, मग माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. "बदमाश हायेस."

मी ऑर्डर दिली. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. सगळी मुलं एकमेकांच्या ताटात जेवायला बसली. वणीच्या कॅप्टनला ठेचा झोंबला, आमच्या पोरांनी त्याला पाणी पाजलं आणि मनसोक्त हसलीही. घरचा झाला.

दुसरा हाफ. पायलनं दोन्ही बांबूंवर थाप मारली आणि खळं हादरेल असं ओरडली, "दुकान बंद!"

चाचा गोलच्या मागे पंप घेऊन बसले होते. ते उभे राहिले.

पुढचं युद्ध मी विसरणार नाही. गुडघे फुटले, पँट फाटल्या, सगळा गोतावळा चेंडूमागे मोहोळासारखा. आमचा एकच गोल झाला, तोही कुणाच्या तरी ढुंगणाला लागून. नायकबांचं पागोटं धुळीत पडलं. मॅच आम्ही दणकून हरलो.

"सोयाबीन माह्या आंगणात टाकजा," नायकबा पागोटं झटकत म्हणाले. "अन् त्या बुढ्याले खुर्ची द्या रे कोणी."

चाचा खुर्चीवर बसले नाहीत. पायलच्या मागेच उभे राहिले.

बर्फातल्या त्या पोस्टवरून एका सकाळी आमची गस्त निघाली तेव्हा सलीम सर्वांत पुढे होता. रेडिओवर त्याचा आवाज आला, "रस्ता साफ. ओव्हर." आम्ही उत्तर दिलं. तेवढ्यात वरून हिमकडा सुटला. ऑपरेटर बराच वेळ त्याला बोलावत राहिला.

चाचा आता दर रविवारी येतात. हवा भरतात, पायलच्या मागे उभे राहतात. तिनं "दुकान बंद!" म्हटलं की हळूच म्हणतात, "ओव्हर."

रेडिओवर बोलणं संपलं की 'आऊट' म्हणतात. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. चाचांना हा फरक मी सांगितलेला नाही.