एकदम उतरलेली बाळं

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती खुशाल ओ देई. काम डेटा अॅनालिस्टचं. देशोदेशीच्या केंद्रांतून बाळांची वजनं, उंच्या, ताप, जुलाब अशी सगळी माहिती यायची. ती तपासायची, जुळवायची आणि कशानं मुलं धडधाकट होतात ते शोधून काढायचं. हजारो बाळं तिच्या नजरेखालून गेली, पण एकालाही तिनं कडेवर घेतलेलं नव्हतं. तिच्यापुरती बाळं म्हणजे पडद्यावरचे ठिपके. पण त्या ठिपक्यांवर जीव होता हो तिचा! ठिपका वर चढला की ही इथे खुर्चीत खूश, आणि घसरला की हिचा चहा गार.

घरी आई. लेक नेमकं काय करते हे आईच्या डोक्यात शिरेल तर शपथ. रोज जेवायला बसलं की प्रश्न ठरलेला, "आज किती मुलं बरी झाली गं?"

"आई, मी कुणाला बरं करत नाही. मी नुसती आकडेमोड करते."

"बरं बरं. जेव आधी."

तर त्या दिवशी सकाळी आकडेबाईनं डोंगरातल्या केंद्राची माहिती उघडली आणि तिचा चहा गार झाला. तिथल्या बाळांना एक नवी पौष्टिक भुकटी देऊन बघत होते. थंडीभर वजनं कशी झकास वाढत होती, आणि या महिन्यात बाळं उतरली. एखाददुसरं नव्हे, झाडून सगळी! भुकटी न घेणारी बाळं दुसऱ्या केंद्रावर होती, ती मात्र मजेत.

मोठ्या मॅडम, म्हणजे या संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर, आकडे बघून उभ्याच राहिल्या. बाई वाईट नव्हत्या, पण बाळांच्या बाबतीत त्यांना जरासुद्धा धोका नको असायचा. आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

"भुकटी बंद करा," त्या म्हणाल्या. "आणि तिथली ती नवी नर्स. ती आल्यापासूनच हे झालंय ना? तिलाही घरी पाठवू. संध्याकाळी पत्र जाईल."

आकडेबाई जागेवर येऊन बसली. त्या भुकटीवर तिचा किती भरवसा होता! ती बंद झाली तर पुन्हा कुणी तिचं नाव काढणार नव्हतं, आणि ती बाळं परत होती तिथेच. पण बघता बघता तिला काहीतरी खटकायला लागलं. आजारानं उतरलेली मुलं अशी ठरवून उतरतात का? एक फार उतरतं, एक थोडं, एखादं हट्टी तर जागचं हलत नाही. इथे गुटगुटीत काय नि काटकुळी काय, सगळी जवळपास सारखीच खाली. आणि उंची? ती बिनबोभाट वाढतेच आहे!

काटा बिघडला असणार, असं म्हणून तिनं केंद्रावर व्हिडिओ कॉल लावला. नवी नर्स पडद्यावर आली. रडून डोळे सुजलेले. पत्राची कुणकुण तिला लागली होती.

"काटा रोज सकाळी तपासते मी," ती म्हणाली. "अगदी बरोबर आहे."

"मग वजन कसं करता ते सांगा. पहिल्यापासून."

"दार लावते, हीटर लावते, बाळाचे कपडे काढते, काट्यावर ठेवते. नियमात आहे तस्सं."

"आणि तुमच्या आधीच्या नर्सबाई? त्या कशा करायच्या?"

नर्सचा चेहरा उतरला. "त्यांचं मला विचारू नका."

"अहो, संध्याकाळी तुमची नोकरी जातेय!"

"जाऊ दे. मी त्यांच्याविषयी एक अक्षर बोलणार नाही."

"का पण? कोण लागतात त्या तुमच्या?"

"सासूबाई."

आली का पंचाईत! आकडेबाईला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण आहे गं? दे इकडे." आणि पडदाभर एक नाक दिसलं. सासूबाई सुनेला डबा द्यायला आल्या होत्या.

"काय विचारायचंय ते मला विचारा. मी दुलईसकट करायचे वजन!"

"दुलईसकट?"

"मग काय करायचं? तेव्हा हीटर कुठे होता? तो आता सुनेनं घरून आणलाय. एका बाळाला मी उघडं केलं होतं, तुमच्या नियमाप्रमाणे. निळं पडलं थंडीनं. त्या दिवसापासून कानाला खडा. ज्यानं नियम लिहिलाय त्याला आणून बसवा इथे उघडं!"

"अहो, पण मग दुलईचं वजन वजा करायचं ना!"

"कशाला? दर महिन्याला तीच दुलई असायची की. तुम्हीच तर सगळ्यांना एकसारख्या वाटल्यात." मग त्या सुनेकडे वळल्या. "आणि काय गं, तुला ठाऊक होतं ना हे? मग बोलली का नाहीस?"

"तुमचं नाव खराब झालं असतं. सगळे इतकं मानतात तुम्हाला."

"आणि तुझं खराब झालेलं चालतं होय? वेडे!" म्हातारीनं फोन टेबलावर टाकला. आकडेबाईला बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं, आणि दोघींचं नाक ओढणं ऐकू येत राहिलं.

मोठ्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "पटतंय," त्या म्हणाल्या, "पण नुसत्या बोलण्यावर मी बाळांना भुकटी चालू ठेवणार नाही. दोन्ही तऱ्हेनं वजनं करून दाखवा. आजच."

सासूबाईंनी दारोदार फिरून आया गोळा केल्या. त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप? सून वजन करी, दुलईसकट नि दुलईशिवाय, आणि आकडे थेट आकडेबाईच्या पडद्यावर येत. इथे ही प्रत्येक आकडा दोनदा तपासून बघे. समजा दुलई हलकीच निघाली तर? समजा बाळं खरंच सुकत असली तर?

दुलई निघाली जवळजवळ अर्ध्या किलोची. आकडेबाईनं थंडीतल्या सगळ्या वजनांतून ती वजा केली आणि ग्राफ पुन्हा काढला. खाली कोसळलेली रेघ उठली आणि सरळ वर चढत गेली. एकही बाळ उतरलं नव्हतं. उलट थंडीतल्यापेक्षा सगळी भरली होती!

मोठ्या मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांनी "हुश्श" केलं आणि शेजारच्या खुर्चीत मटकन बसल्या. पत्र गेलं, पण वेगळंच. भुकटी चालू ठेवावी, प्रत्येक थंड जागेच्या केंद्राला हीटर द्यावा, आणि नव्या नर्सबाईंनी इतर केंद्रांना वजन करायला शिकवावं, असं.

घरी जाताना आकडेबाई उगाचच एक थांबा आधी उतरून चालत गेली. अंगावरचं सगळं ओझं कुणी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. भूकही सडकून लागली होती.

ताटावर बसली तशी आईनं विचारलंच, "आज किती मुलं बरी झाली गं?"

"सगळी," ती म्हणाली. "आजारी नव्हतीच मुळी."

आईचा वाढता हात थांबला. "मग दिवसभर तू केलंस तरी काय?"

आकडेबाई हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसतच राहिली.