गाडी बंद करण्याआधी

टर्बोकाका घरी पोचत, पण गाडीतून उतरत नसत. लाल, बुटकी, दोन दारांची ती गाडी कुरुंद्याच्या आपल्या अंगणात येऊन थांबायची, इंजिन चालूच राहायचं आणि काका मांडीवर हात ठेवून आत बसून असायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना काहीतरी होतंय. मी धावत जाऊन काच वाजवली. काच खाली करून ते म्हणाले, "वैनी, रानातून पळत आलेला बैल लगेच दावणीला बांधता का तुमी? जरा दम खाऊ द्या तिला."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक लहानसं चक्र फिरतं. ते हवा जोराने इंजिनात ढकलतं आणि गाडीला वेगळंच बळ येतं. त्या चक्राला टर्बो म्हणतात. ते निखाऱ्यासारखं तापतं आणि त्याला सांभाळतं ते इंजिनाचं तेल. गाडी पळवून आणली आणि तशीच बंद केली, तर तेल थांबतं, चक्र फिरतच राहतं आणि आतलं तेल जळून कोळसा होतं. म्हणून बसायचं. पाहुणे आलेले असोत, जेवण निवत असो, काका बसायचे. तुमचे आजोबा चिडायचे. "पेट्रोल जाळून राहिलाय नुसता," एवढंच म्हणायचे आणि आत निघून जायचे.

काका म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. आफ्रिकेत एका साखर कारखान्यात बरीच वर्षं फोरमन होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरी सोडून परत आले, तेव्हा आपला जिल्हा अजून परभणीच होता. लोक येताना सोनं आणतात, टीव्ही आणतात. यांनी तिकडे जुनी घेतलेली ही गाडी जहाजातून आणली. लग्न केलं नव्हतं. आल्यावर आठवड्याभरात गावाने त्यांचं खरं नाव टाकून दिलं. तुमचे बाबाही त्यांना टर्बोकाकाच म्हणत.

आपल्याकडच्या रस्त्यांवर ती गाडी म्हणजे रोजचा घोर होता. पोट जमिनीला घासायचं. कुठल्याही पंपावरचं पेट्रोल ते आधी हुंगायचे. रॉकेलचा वास आला तर कॅन घेऊन मुकाट परत यायचे. चांगलं मिळालं तरी माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळून मगच टाकीत ओतायचे. जोर कमी वाटला की सायकलचा पंप आणि साबणाचं पाणी घेऊन बसायचे. रबरी नळ्यांना साबण लावायचा, आत हवा भरायची आणि बुडबुडा कुठे येतो ते बघायचं. अख्खी सकाळ एका बुडबुड्यामागे जायची.

त्या गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. काकांना इंग्रजी चांगलं येत होतं, पण हात तेलाचे असत. म्हणून मी ओसरीवर बसून वाचायची आणि ते गाडीखालून ऐकायचे. शाळेत इंग्रजी शिकवताना माझं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नाही. काढलेला प्रत्येक नट ते जुन्या चादरीवर काढल्या क्रमाने मांडत. मला टापटीप आवडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या चादरीवरून कोंबडी चालत गेली तर मी जेवढी ओरडायची, तेवढी आयुष्यात कशावर ओरडले नसेन.

टर्बोला शिट्टी होती. काकांनी गाडीला वेग दिला की बारीक, चढत जाणारी शिट्टी. कालव्याच्या पुलाकडून ती ऐकू आली की मी चहाचं आधण ठेवायची. ऐकू येईपर्यंत मात्र माझं कशात लक्ष नसे. उशीर झाला तर वाटायचं, कुठे उलटली. शिट्टीशिवाय नुसतीच गाडी आली तर वाटायचं, काहीतरी बिघडलंय म्हणून हळू चालवताहेत. काका हसायचे. "काहून घाबरून राहिल्या वैनी? तिचं काही दुखलं तर ती आधी मला सांगती." मला गाडीचं काहीच नव्हतं, मला काकांची काळजी होती. पण हे मी कधी बोलले नाही.

एक गोष्ट त्यांना अजिबात खपत नसे, ती म्हणजे वेळ मारून नेणारी दुरुस्ती. शेजारचे शेषराव जीप चालवायचे. त्यांच्या जीपचा रेडिएटर गळला की ते त्यात मूठभर हळद टाकत. हळद फुगून भोक बुजवते आणि जीप चालू लागते. हळदीच्या गावात हा उपाय लहान पोरालाही माहीत. काकांच्या रेडिएटरच्या शिवणीतून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा शेषराव पुडीच घेऊन आले. काकांनी हात जोडले. "हळद लेकराच्या गुडघ्याला लावा शेषराव, माह्या गाडीला न्हाई." त्यावर शेषराव म्हणाले, "तुमच्या बाईसायबाला आमच्या गावची हळद चालत न्हाई व्हय? मग नांदवता कशी तिला?" सगळे हसले. काकांनी मुंबईला नवा रेडिएटर सांगितला आणि तो येईपर्यंत गाडी हलणार नाही असं जाहीर केलं.

तो यायच्या आतच ती सकाळ आली. हळद शिजवायचे दिवस होते. तुमचे आजोबा दाढी करता करता खाली बसले. छाती धरलेली, अंगावर घामाच्या धारा. गावच्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की नांदेडला न्या, इथे थांबू नका. गावातल्या सगळ्या जीपा वऱ्हाड घेऊन गेलेल्या, शेषरावांचीसुद्धा. काकांनी कोणाला विचारलं नाही. गाडीवरची ताडपत्री ओढून काढली.

आजोबांना पुढची सीट मागे पाडून निजवलं. मागे माणसाने बसावं अशी जागाच नव्हती, तिथे मी गुडघे हनुवटीला लावून बसले. मला दोनच गोष्टी दिसत होत्या. आजोबांचं कपाळ आणि काकांच्या समोरचा तापमानाचा काटा. काटा चढत होता. इंजिन तापलं तर आतला हीटर पूर्ण सुरू करावा, म्हणजे त्याची उष्णता गाडीच्या आत निघून येते, हे पुस्तकातलं वाक्य मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. काकांचा हात त्या बटणाकडे गेला. त्यांनी भावाच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

थोडं पुढे गेल्यावर बॉनेटखालून वाफ यायला लागली. डाव्या बाजूला हळदीचं खळं होतं. मोठ्या कढईत हळद शिजत होती आणि पलीकडे आधीच्या वाळल्या हळदीला पॉलिश करायचा ड्रम फिरत होता. काका गाडी थांबवून तिकडे धावले. कढईजवळच्या बाईला त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, "माय, पाणी दे. गरमच दे, थंड घातलं तर इंजिन तडकंल." मग ड्रमखाली साचलेली पिवळी भुकटी त्यांनी दोन्ही हातांनी गोळा केली. रेडिएटरचं झाकण पोत्याने धरून हळूहळू उघडलं, वाफ जाऊ दिली, भुकटी टाकली, त्यावर कढईतलं पिवळं पाणी ओतलं. त्यांचे हात भाजत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आजोबांचा श्वास चालू आहे ना, एवढंच मी मोजत होते.

गळती थांबली. पुढचा सगळा रस्ता ती शिट्टी मी ऐकली. इतकी उंच चढलेली ती कधीच ऐकली नव्हती. जी गाडी ते फुलासारखी जपत, ती त्या दिवशी त्यांनी बेफाम पळवली.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली आणि काकांनी किल्ली फिरवली. इंजिन त्याच क्षणी गप्प झालं. मला ते ऐकू आलं. त्यांना आलं की नाही, सांगता येत नाही, कारण तोवर भावाला दोन्ही हातांवर उचलून ते आत शिरले होते. पिवळे हात, पिवळा सदरा. बॉनेटखाली बराच वेळ काहीतरी कडकड वाजत राहिलं.

तुमचे आजोबा वाचले. अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

टर्बो वाचला नाही. गाडी घरी आली ती निळा धूर सोडत. काकांनी तो उघडला, मधला दांडा बोटाने हलवून पाहिला आणि चादरीवर ठेवून दिला. नवा मिळण्यासारखा नव्हता. टर्बो वगळून त्यांनी गाडी पुन्हा उभी केली. ती चालायची, पण साध्या गाडीसारखी. शिट्टी गेली ती गेलीच. आजोबा बरे होऊन अंगणात बसायला लागले, तेव्हा त्यांनी एकदा विचारलं की हल्ली आवाज काहून येत नाही. काका म्हणाले, "वय झालं तिचं, दादा." मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले नाही.

आता थांबायची काही गरज नव्हती, तरी काका घरी आले की पहिल्यासारखेच गाडीत बसून राहायचे. आजोबा मात्र पेट्रोलचं काही बोलायचे बंद झाले. कधीकधी तर बाजूच्या सीटवर जाऊन बसायचे. दोघे भाऊ समोरच्या भिंतीकडे बघत, इंजिन चालू.

हिंगोली वेगळा जिल्हा झाल्यानंतर काही वर्षांनी काका गेले. नांदेडलाच, साध्या तापाचं निमित्त होऊन. मी कालव्याच्या पुलाकडे कान लावून बसले होते. कशासाठी, ते माझं मलाच कळत नव्हतं. दुपारी दवाखान्याची गाडी त्यांना घेऊन आली. ताडपत्रीखालच्या लाल गाडीशेजारी, त्यांच्या नेहमीच्या जागी येऊन थांबली. माणसं पुढे झाली. ड्रायव्हरने किल्लीला हात घातला, तेवढ्यात तुमच्या आजोबांनी खिडकीतून त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे जरा चालू," ते म्हणाले. "त्याला लगेच उतरायची सवय न्हाई."